चार इंची हवेची गादी: व्हीलचेअरवर दिवस काढणाऱ्यांसाठी परीक्षण

व्हीलचेअर घेताना घरचे लोक चाकं बघतात, ब्रेक बघतात, घडी करून रिक्षात मावेल का ते बघतात. गादी मात्र दुकानदार देईल ती घरी येते. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसासाठी हा क्रम अगदी उलटा हवा. खुर्ची थोडी जड निघाली तर हात दुखतील. गादी चुकली तर चार-पाच दिवसांत कुल्ल्याच्या आत, हाडाजवळ, जखम धरते आणि ती भरून यायला महिने जातात. त्या महिन्यांत माणूस पालथा पडून असतो. शाळा, नोकरी, व्यायाम, सगळं थांबतं.

इथे परीक्षण आहे ते एकाच प्रकारच्या गादीचं: काळ्या निओप्रीन रबराची, एकमेकांना जोडलेल्या हवेच्या कप्प्यांची, एका व्हॉल्व्हची, चार इंच उंचीची. ही रचना अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या बेलव्हिलचे अभियंते रॉबर्ट ग्रेब यांची. त्यांच्या रोहो कंपनीच्या नावानेच ती जगभर ओळखली जाते. आता याच धर्तीच्या गाद्या इतरही कंपन्या काढतात. खालचं बहुतेक सगळं या रचनेच्या कुठल्याही गादीला लागू आहे.

आधी ही गादी नेमकं कुणाचं काम करते ते पाहू. मज्जारज्जू कवटीच्या तळापासून निघतो आणि मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. लांबी साधारण ४५ सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. त्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात. आपण बसतो तेव्हा बराचसा भार येतो तो कुल्ल्यातल्या दोन हाडांवर. त्या हाडांवरच्या कातडीची संवेदना नेणारी नस म्हणजे एस ३, शेपटाकडच्या पाच जोड्यांतली तिसरी. ती मणक्यांच्या नळीतून वर चढते, नसांच्या झुपक्यातून मज्जारज्जूच्या अगदी टोकाला शिरते, आणि तिथून तिचा निरोप मज्जारज्जूची जवळजवळ पूर्ण लांबी चढून मेंदूत पोचतो. म्हणूनच पूर्ण इजा मानेला झालेली असो, छातीच्या दहाव्या पातळीला (डी १०) किंवा कमरेच्या पहिल्या पातळीला (एल १), बसायच्या जागेचा निरोप वाटेत कुठेतरी तुटतोच. ज्याचे हात शाबूत आहेत, जो गाडी चालवतो, स्वयंपाक करतो, त्याचीही ही दोन हाडं तितकीच बेखबर असतात.

धडधाकट माणूस खुर्चीत कधीच स्थिर बसत नाही. दर काही मिनिटांनी या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर होतो, पुढे सरकतो, पाय बदलतो. त्याला ते कळतही नाही. दाबलेल्या कातडीतलं रक्त अडलं की तक्रार वर जाते आणि हालचालीचा हुकूम खाली येतो. दोन्ही वाटा मज्जारज्जूतूनच आहेत. शिवाय इजेच्या खालच्या भागातल्या रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरणाचे हुकूमही नीट पाळत नाहीत, त्यामुळे दाब निघाल्यावर रक्त परत भरायलाही वेळ लागतो. गादीला यातलं काही परत आणता येत नाही. रक्त मुळात कमी अडावं, एवढंच तिच्याकडून मागायचं.

चांगली हवेची गादी ते खरोखर करते. कप्पे आतून एकमेकांना जोडलेले असल्याने हाडाखाली जास्त दबलेल्या कप्प्यातली हवा शेजारच्या, मांड्यांखालच्या कप्प्यांत सरकते. शरीर आत रुतत जातं आणि भार दोन टोकांवर न राहता अख्ख्या बैठकीवर पसरतो. दुसरा गुण तितकाच मोठा आहे, पण दुकानात कुणी तो सांगत नाही. प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे कलतो. माणूस किंचित घसरला किंवा पायात स्पॅझम (स्नायूंचा आपोआप येणारा झटका) आला, तर कप्पा कातडीबरोबर हलतो आणि हाड व कातडी यांच्यामधलं मांस ओढलं जाण्याचं प्रमाण कमी होतं. फोमवर नुसता दाब कमी करता येतो, ही ओढ नाही.

पण हे सगळं एका अटीवर: आत हवा बरोबर हवी. या गादीबद्दल येणाऱ्या तक्रारी तपासल्या तर बहुतेकींचं मूळ इथेच सापडतं. आपल्याकडे टम्म भरलेली वस्तू चांगली समजतात. सायकलच्या ट्यूबला अंगठा लावतो तसा गादीला लावतात आणि कडक लागली की समाधान होतं. कडक गादी म्हणजे रबराचा पाट. शरीर आत रुततच नाही, वरच्या वर डुलत राहतं, भार पुन्हा त्याच दोन हाडांवर येतो आणि तोलही जातो. उलट हवा फार कमी असेल तर हाड कप्प्यातून थेट तळाला टेकतं. पहिली चूक जास्त घरांत दिसते, दुसरी जास्त वेगाने इजा करते.

हवा लावायची रीत अशी. कव्हर चढवून गादी खुर्चीत ठेवायची, कप्पे वर, न घसरणारा तळ खाली, व्हॉल्व्ह पुढच्या बाजूला हात पोचेल असा. व्हॉल्व्ह उघडून हातपंपाने हवा भरायची. गादी मध्यभागी किंचित कमानीसारखी वर उचलली की थांबायचं आणि व्हॉल्व्ह बंद करायचा. आता माणसाने त्यावर रोजच्यासारखं बसायचं: पायात नेहमीचे बूट, पाय फूटरेस्टवर, कंबर मागे टेकलेली. मदतनीसाने कुल्ला आणि गादी यांच्यामध्ये तळवा वर करून हात सरकवायचा. त्या बाजूची मांडी थोडी उचलली की बसायचं हाड बोटांना स्पष्ट लागतं, सुपारीसारखं टणक. मांडी परत खाली ठेवायची, हात तिथेच. मग दुसऱ्या हाताने व्हॉल्व्ह उघडून हवा हळूहळू सोडायची. शरीर खाली येतं, बोटं हाड आणि तळ यांच्यामध्ये येतात. बोटांची टोकं जेमतेम हलतील, म्हणजे हाडाखाली दीड ते अडीच सेंटिमीटर हवा राहील, तिथे व्हॉल्व्ह बंद. दुसऱ्या बाजूलाही हात घालून पाहायचं. दोन्ही बाजूंत फरक असेल तर ज्या बाजूचं हाड खाली आहे त्या बाजूचं माप धरायचं.

लक्षात घ्या, दहा सेंटिमीटरच्या गादीत हाडाखाली उरतात जास्तीत जास्त अडीच. बाकी सगळं अंग आत गेलेलं असतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ‘गादी बसली’ असं वाटतं आणि तो पुन्हा पंप हातात घेतो. तिथे घरच्यांना थांबवावं लागतं.

ही तपासणी रोज सकाळी, पहिल्यांदा खुर्चीत बसताना करायची. अर्धा मिनिट लागतो. मानेची इजा असलेल्याला स्वतःला ती करता येत नाही, म्हणून घरातल्या निदान दोघांना शिकवून ठेवावं. एकच शिकलेला माणूस गावाला गेला तर तपासणीही गावाला जाते.

आता खुर्ची. आपल्याकडच्या बहुतेक घडीच्या खुर्च्यांना रेक्झिनची बैठक असते आणि ती काही महिन्यांत झोळीसारखी लोंबते. झोळीवर कुठलीही गादी ठेवा, दोन्ही मांड्या आत वळतात, कंबर तिरकी होते आणि एका हाडावर जास्त भार येतो. बैठकीच्या मापाची प्लायची फळी कापून, कडा गोल घासून गादीखाली घाला. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्याशिवाय महागड्या गादीचा निम्मा फायदा वाया जातो. फळी सरकू नये म्हणून तिला वेल्क्रो किंवा खाली पट्टे हवेतच.

गादीने बसायची उंची वाढते, मग पाय फूटरेस्टपासून लोंबू लागतात आणि मांड्यांचा पुढचा भाग दाबला जातो. फूटरेस्ट तेवढेच वर घ्या. पण जास्त वर घेतले तर गुडघे वर येतात, मांड्या गादीवरून उचलल्या जातात आणि सगळा भार मागे हाडांवर सरकतो. मांड्या सपाट, गादीला पूर्ण टेकलेल्या, आणि गादीच्या पुढच्या कडेपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत दोन-तीन बोटं जागा, हे बरोबर माप. हाताचे टेके आणि जेवायचं टेबलही पुन्हा पाहावं लागतं. गादीची रुंदी-लांबी खुर्चीच्या बैठकीइतकीच घ्या. पुढेमागे वापरता येईल म्हणून मोठी घेतली तर कडेचे कप्पे खुर्चीच्या बाजूंत चेमटतात आणि हवा मध्ये ढकलली जाते.

कव्हर ही वरवरची बाब वाटते, पण तक्रारींत तिचा वाटा मोठा. कंपनीचं कव्हर वरून ताणणाऱ्या कापडाचं असतं, म्हणूनच कप्पे आपापले हलू शकतात. त्यावर घडी केलेली चादर, टॉवेल, प्लास्टिक किंवा दोन-दोन अंडरपॅड टाकले की कप्प्यांवर जणू पत्रा ठेवल्यासारखं होतं. लघवी गळते म्हणून प्लास्टिक टाकतात, ते समजण्यासारखं आहे. पण उपाय कॅथेटरचं (लघवीच्या नळीचं) वेळापत्रक सुधारण्याचा आहे. प्लास्टिकखाली घाम साठतो आणि भिजलेली कातडी कोरडीपेक्षा फार लवकर फाटते. मागच्या खिशातलं पाकीट, जीन्सची जाड शिवण, खिशाची बटणं, हे सगळं काढायचं. ज्यांची इजा डी ६ किंवा त्याच्या वर आहे त्यांच्यासाठी हे आणखी गंभीर आहे. खाली टोचणारी वस्तू त्यांना कळत नाही, पण मज्जारज्जूचा खालचा भाग तिला आपल्या परीने उत्तर देतो आणि रक्तदाब एकाएकी चढतो. डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, कपाळावर घाम, हे दिसलं की माणसाला ताठ बसवा, घट्ट कपडे सैल करा, आधी कॅथेटर आणि मूत्राशय पाहा, मग पोट साफ आहे का ते, मग कातडी आणि बैठक. उतार पडत नसेल तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

कुणाला ही गादी घ्यावी असं सांगू आणि कुणाला नाही? एल १ च्या आसपास मज्जारज्जूचं टोक किंवा त्याखालचा नसांचा झुपका दुखावलेला असेल, तर स्नायूंच्या नसाच तुटलेल्या असतात. पाय लुळे पडतात, कुल्ल्यांचे स्नायू झपाट्याने झडतात, हाडावर कातडीशिवाय फारसं काही उरत नाही. त्यांच्यासाठी आमची पहिली पसंती हीच गादी. आधी जखम होऊन भरलेली आहे, प्लास्टिक सर्जरी झाली आहे, त्यांनाही हीच. छातीच्या खालच्या भागात इजा, पोटाचे स्नायू चालतात, हातांत बळ आहे, अशांना ती सहज जमते, फक्त गाडीत किंवा पलंगावर ट्रान्स्फर करताना हात गादीवर टेकवायचा नाही. हात आत जातो आणि तोल जातो. टेकू खुर्चीच्या चौकटीचा घ्यायचा.

मानेची किंवा छातीच्या वरच्या भागातली इजा असेल तर थोडं थांबून विचार करावा. धड सावरणारे स्नायू काम करत नाहीत आणि खाली हवा डुलते, त्यामुळे माणसाला सतत पडल्यासारखं वाटतं. तो तोल शोधायला पुढे घसरून माकडहाडावर बसू लागतो, आणि तिथे नवी जखम होते. अशा वेळी पाठीला नीट आधार, छातीचा पट्टा आणि गादी हे एकत्र बसवून पाहावं, नाहीतर पुढे टणक फोम व मागे हवेचे कप्पे असलेली मिश्र गादी घ्यावी. कंबर एका बाजूला झुकलेली असेल, पाठीला बाक असेल, तर एका व्हॉल्व्हची गादी नको. हवा जिकडे भार कमी तिकडे पळते आणि झुकाव वाढतो. त्यांना दोन किंवा चार स्वतंत्र भागांची गादी लागते.

‘थोडं कळतं’ म्हणणाऱ्यांनीही फोमवर निर्धास्त राहू नये. स्पर्शाची वाट मज्जारज्जूत मागच्या बाजूने चढते आणि वेदनेची वाट आत शिरून दुसऱ्या बाजूला ओलांडून जाते. अर्धवट इजेत एक शाबूत आणि दुसरी तुटलेली असू शकते. बोट लावलेलं कळतं, पण तासभर बसल्याची ठणक कळत नाही.

स्वस्तातल्या पर्यायांपैकी एकाला स्पष्ट नकार द्यायला हवा: मेडिकलमध्ये मिळणारी फुगवायची गोल रिंग. मध्ये भोक आहे म्हणजे हाडावर दाब नाही, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात रिंगची कड भोवतालच्या मांसावर गोल दाब देते, मधल्या भागाकडे येणारं-जाणारं रक्त अडवते आणि मधला भाग सुजतो. संवेदना नसलेल्या माणसाला ती कधीही देऊ नये. चांगल्या प्रतीचा, बैठकीचा आकार दिलेला फोम मात्र तात्पुरता म्हणून ठीक. तो बसला की बदलायचा, आणि बसला का हे याच हात घालायच्या पद्धतीने कळतं. जेल थंड लागतं म्हणून विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळ्यात आवडतं, पण ते जड असतं आणि हाडाखालून बाजूला सरकतं. रोज मळून परत जागेवर आणावं लागतं.

हुबेहूब दिसणाऱ्या स्वस्त प्लास्टिकच्या हवेच्या गाद्याही बाजारात आहेत. घ्यायच्या आधी दोन गोष्टी पाहा. एक कप्पा अंगठ्याने तळापर्यंत दाबा. शेजारचे कप्पे लगेच भरले पाहिजेत. मग कप्प्याचं डोकं चिमटीत धरून चारी बाजूंना कलवा. ते सहज कललं पाहिजे. जाड, कडक प्लास्टिकचा कप्पा कलत नाही आणि त्याची कड कातडीत रुतते. अशा गादीपेक्षा चांगला फोम परवडला.

गादी कितीही चांगली असली तरी दाब हलवायचा राहतोच. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांना रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवायचा नियम घातला. तोपर्यंत हे रुग्ण जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने दगावणार हे धरूनच चालत. खुर्चीतला नियम त्याहून कडक आहे: दर पंधरा ते तीस मिनिटांनी एकदा, एक ते दोन मिनिटं. हातांवर अंग उचलून दहा सेकंदांत परत बसणं पुरत नाही, तेवढ्यात रक्त परत भरत नाही आणि खांदे मात्र झिजतात. टेबलावर कोपर टेकून छाती मांड्यांकडे नेणं, किंवा एका बाजूला पूर्ण झुकून दुसरा कुल्ला मोकळा करणं, हे जास्त वेळ धरता येतं. मोबाइलवर गजर लावा.

नवी गादी पहिल्या दिवशी अर्ध्या तासापुरतीच वापरा. मग पलंगावर आडवं होऊन आरशात किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात दोन्ही हाडांवरची कातडी, माकडहाड आणि खुब्याच्या बाजू पाहा. डाग दिसला तर दोन बोटांनी दाबून सोडा. फिका पडून पुन्हा रंग भरला तर धोका कमी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे गडद ठिपका, शेजारच्या कातडीपेक्षा गरम किंवा कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागणारी जागा शोधायची. अर्ध्या तासात ती पूर्ववत झाली नाही तर बसणं बंद, गादीची हवा पुन्हा तपासायची. सगळं ठीक असेल तर रोज अर्ध्या तासाने वेळ वाढवा.

प्रवासात एक गोष्ट विसरली जाते. बंद गादीतली हवा उंचावर फुगते. मुंबईहून महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर गेलात तर गादी चांगलीच कडक झालेली असते. घाट चढल्यावर हात घालून हवा सोडायची आणि परत खाली आल्यावर भरायची, कारण आता ती कमी पडते. खाली आल्यावर न भरण्याची चूक जास्त महागात जाते. विमानातही केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, तेव्हा पंप हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. भर उन्हात उभ्या गाडीत गादी सोडू नका.

धुण्यासाठी कव्हर काढा, व्हॉल्व्ह बंद ठेवा, भांड्यांच्या सौम्य साबणाने आणि मऊ ब्रशने कप्प्यांच्या मधल्या फटी घासा, स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. जंतू मारायचे असतील तर एक भाग घरगुती ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून नीट धुवा. तेल आणि लॅनोलिन असलेली मलमं निओप्रीनला खातात, म्हणून अंगाला तेल लावून लगेच बसू नका. उचलताना व्हॉल्व्हला किंवा एका कप्प्याला धरू नका, फाटण्याची सुरुवात तिथूनच होते.

आणि पंक्चर. या गादीचा खरा उणेपणा हाच आहे. फोम एका रात्रीत निकामी होत नाही, ही होते. म्हणून जुनी फोमची गादी टाकू नका, घरात राहू द्या. हवा रोज थोडी कमी लागत असेल तर आधी व्हॉल्व्ह पाहा, नीट न आवळलेला व्हॉल्व्ह हेच कारण बऱ्याचदा असतं. तो ठीक असेल तर गादी भरून बादलीत किंवा टबात थोडीथोडी बुडवा, बुडबुडे कुठून येतात तिथे खूण करा. पुसून पूर्ण कोरडी करा, हवा काढा, संचाबरोबर आलेलं ठिगळ सूचनेप्रमाणे चिकटवून दाबून धरा. सायकलच्या दुकानात देऊ नका. तिथे ट्यूबसारखं कानशीने घासतात आणि कप्प्याची भिंत त्या घासण्याला पुरेशी जाड नसते. ठिगळ बसल्यावर गादी कमान येईपर्यंत भरून रात्रभर रिकामी ठेवा. सकाळी कमान तशीच असेल तर कव्हर चढवा, माणसाला बसवा आणि खाली हात घालून बोटांनी माप पाहा.